सहा अर्धवट हस्तकामे, आणि गणेशचवथीला उरलेले दहा आठवडे

प्रश्न: सुईदोरा (फोंडा)

नमस्कार. गेल्या रविवारी पावसाने दिवसभर उसंत दिली नाही म्हणून मी माडीवरच्या कपाटाचा खालचा कप्पा आवरायला घेतला आणि त्यातून एकामागून एक सहा पिशव्या बाहेर निघाल्या. प्रत्येकीत मी हौसेने सुरू केलेले आणि कुठेतरी मध्येच थांबलेले एकेक काम होते. सासूबाई शेजारी बसून वाती वळत होत्या. त्यांनी पिशव्यांकडे पाहिले आणि "एक ना धड, भाराभर चिंध्या" एवढेच म्हटले. ते मला लागले, कारण ते खोटे नव्हते.

कामे अशी आहेत. वीस नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याचा क्रोशाचा गोल टेबलक्लॉथ, ज्याच्या 60 फेऱ्यांपैकी 34 झाल्या आहेत, म्हणजे अर्ध्याहून अधिक. नणंदेच्या होणाऱ्या बाळासाठी जुन्या सुती साड्यांची गोधडी, 36 बाय 45 इंचांची, जिच्या कडेने धावदोऱ्याच्या दोनच फेऱ्या झाल्या आहेत. बाळ सात आठवड्यांनी अपेक्षित आहे. इंचाला 14 घरे असलेल्या मॅटीच्या कापडावर फुलीटाक्याने भरायला घेतलेले तुळशीवृंदावन, 10 बाय 8 इंचांचे, जेमतेम पायरीपर्यंत पोहोचलेले. चवथीच्या मखरासाठी लोकरीच्या झेंडूंचे तोरण, ठरवलेल्या 60 फुलांपैकी 11 तयार. सुतळीचे कुंडीसाठीचे शिंके. आणि मुलीचा एक स्वेटर, जो आता पूर्ण झाला तरी तिच्या कोपराच्या खाली येणार नाही.

मी पणजीला नोकरीला जाते. सकाळी बस फोंड्याहूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते आणि तासभर हात मोकळे असतात. संध्याकाळी परतताना मात्र बहुधा उभेच राहावे लागते. घरी रोज रात्री अर्धा-पाऊण तास आणि रविवारी दुपारी दीड-दोन तास, यापलीकडे वेळ निघत नाही.

माझे विचारणे असे आहे की, एक काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हातच लावायचा नाही, असा नियम कोणी पाळला आहे का आणि तो टिकला का? नसेल तर कोणते काम आधी घ्यायचे हे आपण कसे ठरवता? आणि मागे ठेवलेले काम पुन्हा हातात घेताना जी एक अनिच्छा वाटते, तिचे काय करता?

उत्तर: पांढरा दोरा (म्हापसा)

सुईदोरा ताई, मी तो नियम दोनदा केला आणि दोन्ही वेळा तीन आठवड्यांत मोडला. बसमध्ये गोधडी शिवता येत नाही आणि रात्री दिव्याखाली मॅटीची घरे मोजताना माझे डोळे शिणतात, तेव्हा एकच काम धरायचे म्हटले की दिवसातला निम्मा मोकळा वेळ रिकामाच जातो. तीन कामे एका वेळी चालू असण्यात मला काही गैर वाटत नाही, फक्त तिन्हींची जागा वेगवेगळी हवी. एक प्रवासातले, एक दिव्याखालचे आणि एक रविवारच्या दुपारी बल्कावात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, पसरून बसण्याचे.

तुम्ही शेवटी विचारलेल्या अनिच्छेबद्दल मला जास्त सांगायचे आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे काम कोणत्या अवस्थेत खाली ठेवले, यावर ते पुन्हा उचलले जाईल की नाही हे बरेचसे ठरते. आपण बहुतेक वेळा कंटाळून, चुकून किंवा कोणीतरी हाक मारल्यामुळे काम ठेवतो, आणि सहा महिन्यांनी पिशवी उघडली की आधी ते कोडे सोडवावे लागते. ही कितवी फेरी, हा खांब, म्हणजे उभा टाका, मोजला होता की नव्हता, सुई कोणत्या मापाची होती? हात टाका घालायला शिवशिवत असतात आणि आपण मात्र मागच्या फेरीतले खांब मोजत बसतो. पिशवी परत कपाटात जाते ती याच क्षणी.

म्हणून मी क्रोशाचे काम फेरी पूर्ण केल्याशिवाय ठेवत नाही. दिवसापुरते ठेवायचे असेल तर शेवटच्या साखळीच्या फासात सेफ्टी पिन अडकवते, पण महिनोन्महिने राहणार असेल तर न गंजणारी प्लॅस्टिकची पिन वापरते. क्रोशाची सुई कामात अडकवून ठेवत नाही, कारण तिने फास सैल होतो आणि नेमकी त्याच मापाची सुई पुढच्या कामाला हवी असते. मग एका चिठ्ठीवर फेरीचा क्रमांक, सुईचे माप आणि पुढची कृती लिहिते. "35 वी फेरी: 5 साखळ्या, मधल्या कमानीत 3 खांब, पुन्हा" एवढे पुरते. ही चिठ्ठी मी दोऱ्याने कामालाच बांधते, कारण पिशवीतली चिठ्ठी पिशवीतच हरवते.

दोऱ्याच्या गुंड्यावरचा कागद टाकू नका. त्यावर रंगाच्या क्रमांकाबरोबर रंगाईच्या घाण्याचा, म्हणजे लॉटचा, क्रमांक असतो, आणि पांढऱ्यातसुद्धा दोन लॉट वेगळे निघतात. मी पलंगपोसाचे 80 चौकोन केल्यावर दोरा संपला. नवा आणला तो डोळ्याला तसाच दिसला. सगळे जोडून धुतल्यावर मात्र खालचा तिसरा हिस्सा किंचित निळसर दिसू लागला. आमच्या वाड्यावरच्या एका वृद्ध बाईंनी, ज्यांनी आयुष्यभर कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) वेदीसाठी रेंदा, म्हणजे लेस, विणली, त्यावर उपाय सांगितला. दोन लॉट वापरावेच लागले तर ते गंगा-जमना करून एकाआड एक वापरावेत, म्हणजे फरकाची रेघ उमटत नाही. चौकोनांचे काम असल्यामुळे मला ते उसवून तसे पुन्हा जोडता आले. तुमच्या गोल टेबलक्लॉथला ती सोय नाही, म्हणून उरलेल्या फेऱ्यांना दोरा पुरेल का, हे आजच पाहा.

आणखी एक. वर्षभरानंतर हात बदललेला असतो, कधी घट्ट, कधी सैल. मूळ कामात थेट घुसण्याआधी त्याच दोऱ्याचा, त्याच सुईने, तळहाताएवढा तुकडा विणून तो जुन्या विणीवर ठेवून बघा. सैल वाटला तर सुई एका मापाने बारीक घ्या.

सुईदोरा

ताई, चिठ्ठीचे अगदी पटले. माझ्या मॅटीच्या पिशवीत रेशमाच्या लड्या आहेत, पण कोणत्या चिन्हाला कोणता रंग हा कागदच नाही. नमुन्याचा तुकडा विणण्याबद्दल मात्र मन कचरते. आधीच वेळ नाही, त्यात उसवण्यासाठी विणायचे?

पांढरा दोरा

उसवू नका, तोच तुकडा चिठ्ठीबरोबर ठेवून द्या. वीस मिनिटे जातील. 35 व्या फेरीपासून टेबलक्लॉथची कड झालरीसारखी दुमडू लागली तर किती जातील, ते मी सांगत नाही.

उत्तर: हिशेबी (मडगाव)

मी सुई धरत नाही, बांबूच्या कामट्यांचे आकाशकंदील करतो, तेव्हा टाक्यांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण आकडे दिलेत म्हणून बोलतो. वरच्या उत्तरात काम कसे ठेवावे हे चांगले सांगितले आहे. कोणते आधी घ्यावे हे मात्र मनाच्या ओढीवर सोडण्यापेक्षा कागदावर मांडलेले बरे.

तुम्ही लिहिता की टेबलक्लॉथ अर्ध्याहून अधिक झाला. तो झालेला नाही. गोल कामात प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून लांब असते, त्यामुळे काम फेऱ्यांवर न मोजता क्षेत्रफळावर मोजावे लागते. 60 पैकी 34 फेऱ्या म्हणजे त्रिज्येचा 57 टक्के भाग. त्याचा वर्ग केला तर जेमतेम 32 टक्के. दोनतृतीयांशांहून अधिक काम अजून समोर आहे. या 34 फेऱ्यांना समजा 40 तास लागले असतील, तर उरलेल्या 26 फेऱ्यांना सुमारे 85 तास लागतील. बसमधले आठवड्याचे पाच तास धरले तर हे 17 आठवड्यांचे काम आहे. चवथीचे सोडा, दिवाळीला टेबलावर आला तरी पुष्कळ झाले. गोल कामे मध्यावर सोडून दिली जातात त्यामागे आळसापेक्षा हेच कारण अधिक असावे, असे मला वाटते. आरंभी दिवसाला दोन फेऱ्या होत असतात, पुढे एक फेरी दोन दिवस पुरते, आणि माणसाला वाटते की आपलाच हात मंदावला.

गोधडीचे याच्या बरोबर उलट आहे. ती कडेकडून आत शिवत जातात, त्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून आखूड होते. दोन ओळींमध्ये अर्धा इंच अंतर धरले तर 36 बाय 45 इंचांच्या गोधडीत धावदोऱ्याची एकूण लांबी 3,240 इंच, म्हणजे साधारण 82 मीटर भरते. तुमच्या दोन फेऱ्यांनी त्यातले आठ मीटर उरकले. माझी पत्नी अशा थरांतून तासाला तीन मीटर शिवते. त्या वेगाने तुमचे 25 तास उरले, आणि घरचे आठवड्याचे पाच तास धरले तर पाच आठवडे. बाळ सात आठवड्यांनी येणार आहे. म्हणजे आजपासून घरचा सगळा वेळ गोधडीला दिला तर हाती दोन आठवडे राखीव उरतात, आणि बाळे दिलेल्या तारखेला येत नाहीत हे मी तुम्हाला सांगायला नको.

फुलीटाक्याचे सरळ आहे. 140 गुणिले 112 म्हणजे 15,680 घरे. सगळी भरायची असतील तर तासाला शंभर टाक्यांच्या वेगाने 157 तास. ते काम या वर्षाचे नव्हे. बंद करून ठेवा आणि अपराधीही वाटून घेऊ नका.

झेंडूचे एक फूल 12 मिनिटांत होते असे धरले तर उरलेली 49 फुले दहा तासांत, म्हणजे बसमधल्या दोन आठवड्यांत. हे आधी उरका, मग टेबलक्लॉथ बसच्या पिशवीत घाला.

एक अवांतर. कडेकडून आत शिवण्याची रीत आपल्या गोधडीत आहे तशीच सिद्दी बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, आहे. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला राहणाऱ्या या समाजातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम होते आणि इथून निसटून त्या जंगलांत गेले. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुले लावतात. ती नसली तर कवंदी उघडी-नागडी मानतात. तुमच्या गोधडीला तशी चार फुले लावलीत तर सासूबाईंच्या भाराभर चिंध्याही कामी येतील.

उत्तर: परसातले बिंबल (डिचोली)

हिशेबी दादांचा हिशेब चोख आहे, पण त्यात पाऊस धरलेला नाही. आपल्याकडे अर्धवट कामाला खरा धोका जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की सुती कापडावर बुरशी धरू लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती आपल्याकडे बहुतेक दिवस 80 च्या वरच असते. पूर्ण झालेली वस्तू आपण धुतो, वापरतो, उन्हात घालतो. अर्धवट वस्तू मात्र हाताच्या घामासकट, तेलासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवतो आणि आतला दमट वारा आतच कोंडतो. ताई, तुमच्या सहाही पिशव्या प्लॅस्टिकच्या असतील तर त्या आधी बदला. जुन्या उशीचे सुती अभ्रे सर्वांत बरे. डबाच हवा असेल तर घट्ट झाकणाचा घ्या, काम कोरड्या दिवशी आत ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या घाला. नारंगी रंगाची जेल ओल शोषून हिरवी पडते. ओव्हनमध्ये साधारण 120 अंश सेल्सिअसवर तापवली की पुन्हा नारंगी होते. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, ती बाळाच्या गोधडीपाशी नको.

खळ घातलेले कापड कधीही ठेवणीत टाकू नये. पिठूळ खळ म्हणजे बुरशीला आणि कसरीला वाढलेले ताट. गोधडीसाठी घेतलेल्या साड्या जुन्या असतील तर त्या खळीच्या असण्याची शक्यता पुष्कळ आहे. धुवून घेतल्या होत्या का? नसतील तर अजून दोनच फेऱ्या झाल्या आहेत, उसवून धुता येतील. कापूर आणि नॅप्थलीनच्या गोळ्या एकाच पिशवीत ठेवू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि त्याचा डाग पडतो. बाळाच्या कापडांजवळ तर गोळ्या मुळीच नकोत.

भरतकामाची रिंग काम संपले की त्याच रात्री काढावी. महिनाभर कसलेली रिंग कापडावर जो वळ उठवते तो इस्त्रीनेही पूर्ण जात नाही, आणि कडेला धूळ बसून काळी गोल रेघ उमटते ती वेगळीच. आणि सुई! मॅटीत टोचलेली सुई पावसाळाभर तशीच राहिली की तिच्याभोवती तपकिरी ठिपका धरतो. उद्याच बघा.

गंजाचा ठिपका निघालाच तर बिंबलाचे (परसातल्या झाडाचे आंबट) एक फळ मधोमध कापून पांढऱ्या कापडावर हलक्या हाताने घासावे, दहा मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. गेला नाही तर पुन्हा करावे. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असते, ते लोखंडाचा गंज विरघळवते. आमची आजी याच फळाने पितळेची समईही उजळत असे. रंगीत टाक्यांजवळ मात्र जपून, रंग सुटू शकतो.

सुईदोरा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून झाल्यावर शनिवारी रात्री सहाही पिशव्या सोप्यातल्या बाकावर मांडून बसले, आणि जे निघाले ते लिहिते.

शिंक्याच्या सुतळीला आतून काळी बुरशी धरली होती आणि वास इतका होता की ते बाहेरच्या बाहेर टाकून दिले. विचित्र गोष्ट म्हणजे मला वाईट वाटण्याऐवजी हलके वाटले. स्वेटर उसवला, मुलीने दोन्ही हात पुढे धरून लोकरीची लडी करायला मदत केली आणि "हा माझा होता?" असे तीनदा विचारले. ती लोकर नारंगी असल्यामुळे झेंडूंना उपयोगी पडली, मात्र लॉट वेगळा म्हणून पांढरा दोरा ताईंच्या सांगण्याप्रमाणे एक जुन्या लोकरीचे, एक उसवलेल्या लोकरीचे, अशी ओवणार आहे.

गोधडीच्या साड्या मी धुतल्या होत्या, पण मधला थर सासूबाईंच्या लुगड्याचा आहे आणि ते त्यांनी कडक खळीचे ठेवले होते. दोन फेऱ्या उसवल्या. म्हणजे हिशेबी दादांचे आठ मीटर परत आले आणि माझे दोन राखीव आठवडे दीडच्या खाली गेले. लुगडे धुवून पंख्याखाली वाळायला दोन दिवस लागले. चिंध्यांच्या फुलांचे मी सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर त्यांनी खणाच्या तुकड्यांची चार फुले दुमडून, टाचून, माझ्या उशीवर ठेवली होती.

सोमवारी बसमध्ये पिशवीत झेंडू घेऊन बसले. फर्मागुडीच्या वळणांवर हात थांबतो, म्हार्दोळपासून पुढे मात्र चालतो. जुने गोवे येईपर्यंत तीन फुले झाली. टेबलक्लॉथची 34 वी फेरी मी मोजून खात्री केली, चिठ्ठी बांधली आणि तो अभ्र्यात घालून ठेवला. दोऱ्याचे दोन गुंडे आहेत, दोन्ही एकाच लॉटचे. पुरणार नाहीत हे दिसतेच आहे, म्हणून त्याच लॉटचे अजून मिळतात का ते पाहायला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मैत्रीण जाणार आहे, तिच्याकडे गुंड्यावरचा कागद दिला.

आता मॅटी. परसातले बिंबल काकू, तुम्ही सुईचे लिहिले ते वाचून मी त्याच क्षणी उठले. सुई पायरीच्या उजवीकडे, काही न भरलेल्या जागी टोचलेली होती आणि भोवती मुगाएवढा तपकिरी ठिपका होता. शेजाऱ्यांकडून बिंबले आणली. पहिल्यांदा ठिपका फिका झाला, दुसऱ्यांदा आणखी. पण पायरीचा लाल टाका अगदी लागून आहे आणि तिसऱ्या वेळी त्याच्या कडेला पाणी गुलाबी झालेले दिसले, तेव्हा हात आवरला. आता जवळून पाहिले तरच कळेल अशी पिवळसर छटा उरली आहे, चार घरे लांब आणि तीन घरे उंच. रंगांचा कागद हरवलाच आहे, तेव्हा नमुना आता थोडाफार माझ्याच मनाचा होणार. पुढच्या वर्षी हे काम बाहेर काढीन तेव्हा त्या बारा घरांवर तुळशीचे एक गळलेले पान भरायचे, असे चिठ्ठीत लिहून ती मॅटीला बांधली आहे.

परसातले बिंबल

पान भरा, पण त्या जागी उरलेला रस राहिला नाही ना, ते एकदा बघून घ्या. आम्ल सुताला खाते. साध्या पाण्यातून आणखी दोनदा काढा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय अभ्र्यात घालू नका.